घरात बिघडलेलं काही आहे का?

मिक्सर उघडणं आणि मिक्सर जोडणं ही दोन निराळी शास्त्रं आहेत, हे ज्ञान मला म्हसावदला एका पाटलांच्या ओट्यावर, दहा-बारा माणसांच्या साक्षीनं झालं. समोर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर मिक्सरचे सतरा भाग. उघडला तेव्हा ते बहुतेक बाराच होते. घरच्या वहिनी दारात तोंडाला पदर लावून उभ्या. तासाभरानं पाटील खाटेवरून उठले आणि शेजाऱ्याला म्हणाले,

"दख भो. यास्ले मिक्सर जोडता येत नही, आनि ह्या मन्हा पोऱ्याले इंजिनेर करतीन!"

मी इलेक्ट्रॉनिक्सचा प्राध्यापक. एम.टेक. मिक्सरचे भाग त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून मी वहिनींच्या हाती दिले आणि निघालो. त्या गावात मला आजही 'मिक्सरवाले सर' म्हणतात.

खरं तर मी मिक्सर दुरुस्त करायला गेलोच नव्हतो. गेलो होतो पाटलांचा मुलगा आमच्या कॉलेजात आणायला. बारावीचा निकाल लागला की खासगी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापकांना तालुके वाटून मिळतात. पावडरवाल्या सेल्समनसारखी पिशवी, पिशवीत कॉलेजची रंगीत माहितीपत्रकं, आणि डोक्यावर टार्गेट. इतक्या ॲडमिशन आणल्या नाहीत तर पुढच्या वर्षाचं नेमणुकीचं पत्र निघत नाही. वर्षभर आम्ही शिकवतो, असं म्हणतात. उन्हाळ्यात मात्र आम्ही नक्की काम करतो.

मिक्सरची अक्कल माझी नव्हे. ती रतिलालसरांची. मी नुसती नक्कल केली, आणि नक्कल करणाऱ्याचं जे होतं ते झालं.

रतिलालसर मेकॅनिकलला होते. तापीकाठच्या एका गावचे गुजर शेतकरी. घरी केळी, ऊस, भाऊबंद, सगळं. पण या माणसाला शेतापेक्षा शेतातल्या पंपात जास्त रस. आधी डिप्लोमा, मग काही वर्षं एका साखर कारखान्यात बॉयलरवर, मग नोकरी करता करता डिग्री, आणि मग आमच्याकडे. बुटके, काळेसावळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. शर्टाच्या खिशात पेन नसे, सहा इंची पोलादी पट्टी असे. त्या पट्टीनं ते फळ्यावर दाखवत, टेबलावर ठोकत, आणि चहात साखर तळाशी राहिली तर ढवळतही. कुणाच्या घरी गेले की आधी दाराच्या बिजागरीकडे बघत. करकरत असली तर पिशवीतून इवलीशी तेलाची डबी काढून दोन थेंब सोडत, दार दोनदा उघडमीट करून बघत, आणि मगच बसत. घरची माणसं गोंधळायची. आला तो मास्तर की सुतार, हे कळत नसे.

त्यांचं एक पालुपद होतं. "चालतंय म्हणजे बरोबर आहे असं नाही, सर." पंखा आवाज करत फिरत असो, विद्यार्थी न समजता पास होत असो, की आमचं कॉलेज चालत असो, सगळ्याला हेच.

ॲडमिशनच्या फेरीत आम्ही बाकीचे लोक आधी माहितीपत्रक उघडायचो. रतिलालसर आधी पाणी मागायचे आणि मग विचारायचे, "घरमा काही बिघडेल शे का?"

बिघडलेलं काही नाही असं घर खानदेशात मला तरी सापडलेलं नाही. बंद इस्त्री निघायची, शिलाईचं मशीन निघायचं, फवारणीचा पंप निघायचा. सर ती वस्तू पोरासमोर ठेवत आणि गप्प बसत. पोरानं ती दुरुस्त करावी अशी अपेक्षा नसे. हात लावतो का, उलटी करून बघतो का, कुठून उघडते ते शोधतो का, एवढंच बघत. काही पोरं लगेच मांडी घालून बसायची. बरीचशी बापाकडे बघायची.

तापीकाठच्या एका गावात मी सोबत होतो. मुलाला गुण चांगले, बाप उत्साहात, चहा दोनदा झालेला. माझ्या मनात ॲडमिशन पक्की. सरांनी मुलाला विचारलं,

"टीव्ही बंद पडना तर काय करस रे तू?"

"मोबाईलवर दखस," मुलगा म्हणाला.

सर बापाकडे वळले. "आप्पा, पोऱ्या हुशार शे. याले कॉमर्सले धाडा."

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. टेबल नव्हतंच, चटई होती, त्यामुळे ते सगळ्यांना दिसलं.

बाहेर आल्यावर मी चिडलो. "सर, हातातली ॲडमिशन घालवली तुम्ही!"

"सर, चार वर्षं हा पोरगा माझ्यासमोर बसणार. मग वीस वर्षं बापासमोर बसणार. त्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं ना."

अशानं त्यांचं टार्गेट कधीच पुरं व्हायचं नाही. दर वर्षी संस्थेचे सचिव त्यांना केबिनमध्ये बोलवायचे, दर वर्षी ते खाली मान घालून ऐकायचे, आणि दर वर्षी त्यांच्यावाचून वर्कशॉप चालत नाही म्हणून पत्र निघायचं.

वर्कशॉप हे त्यांचं देवघर. पहिल्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्यानं लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून चौरस करायचा, आणि तसाच दुसरा करून दोन्ही एकमेकांत बसवायचे. तेवढ्यासाठी हाताला फोड येतात. आता फोड कोण आणून घेणार? शहाद्यात एका लेथच्या दुकानात असा जोड, म्हणजे 'जॉब', तयार मिळतो. पोरं तो आणतात, रंग पुसतात, आपला नंबर ठोकतात आणि सबमिट करतात. सगळ्यांना माहीत होतं. माझ्या लॅबमध्ये तर प्रयोगाची रीडिंगं चौदा वर्षं तीच होती. एकदा मीटर जळालेला असतानाही पोरांनी तीच लिहिली आणि मी त्यांवर सही केली.

एका वर्षी जॉब तपासताना सर मध्येच थांबले. एक तुकडा उजेडाकडे धरला, कडेवरून अंगठा फिरवला, मग दुसरा उचलला, मग तिसरा. मला हाक मारून दाखवला.

"हे बघा. कानशीचा ओढा डावीकडे जातोय. हा भूषणचा हात आहे."

"कोण भूषण?"

"आपलाच. दोन वर्षांपूर्वी पहिल्या वर्गात पास झालेला. डावखुरा."

संध्याकाळी आम्ही लेथच्या दुकानात गेलो. भूषण खरोखरच तिथे होता, अंगावर लोखंडाचा कीस, समोर तयार जॉबची रास. सरांना पाहून त्याचा चेहरा पडला. पुण्याला दीड वर्ष इंटरव्ह्यू देऊन परत आला होता. आपल्याच कॉलेजातल्या पोरांसाठी तेच तुकडे घासत होता, जे त्यानं पहिल्या वर्षी घासले होते.

मला वाटलं, सर ओरडतील. त्यांनी एक तुकडा उचलला, प्रकाशात धरला आणि म्हणाले, "काटकोन छान येऊ ऱ्हायना रे तुन्हा आते." बस्स. येताना ते मोटारसायकलवर माझ्या मागे बसले होते. मग माझ्या कानाशी म्हणाले, "सर, चला. एकाला तरी कामाला लावलं आपण." मी हसलो. ते हसत नव्हते, हे मला आरशात दिसलं.

इथे माझं पद सांगायला हवं. मी प्लेसमेंट ऑफिसरही होतो. म्हणजे पोरांना नोकऱ्या लावून देण्याचं खातं माझ्याकडे होतं. मला का? तर कॉलेजात टाय फक्त माझ्याकडे होता. लग्नातला.

त्या टायच्या जोरावर मी एक कंपनी गुजरातेतून आमच्याकडे आणली. मुलांना इंग्रजीत बोलायची भीती, म्हणून मीच एक 'स्वतःविषयी चार शब्द' लिहून काढलं आणि झेरॉक्स वाटली. पाठ करा म्हटलं. एकतीस मुलं आत गेली. प्रत्येकानं सांगितलं की माझा गुण कष्टाळूपणा, माझा दोष म्हणजे मी लोकांवर पटकन विश्वास ठेवतो, आणि माझा छंद पोहणे. जेवताना कंपनीचे साहेब मला म्हणाले, "सर, आपके यहाँ तालाब बहुत बडा होगा." त्यांनी एकही मुलगा घेतला नाही.

रतिलालसरांना मी ते मोठ्या विनोदानं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यांतल्या किती जणांना खरंच पोहता येतं, विचारलंत का?" नव्हतं विचारलं. नर्मदाकाठची तीन पोरं होती म्हणे, नदी पोहून शाळेत गेलेली. त्यांनीही तेच वाक्य पाठ करून म्हटलं होतं, आणि कुणाला ते खरं वाटलं नव्हतं.

आता रंजनाचं.

एका उन्हाळ्यात मी आणि सर धडगावच्याही पुढे डोंगरात गेलो होतो. गाडी सोडून दीड तास चाल. माझ्या पायात कॉलेजचे बूट. त्यांतला एक वाटेतच तोंड उघडून बसला. गावात पोचलो तर पिठाच्या चक्कीपाशी ही गर्दी. डिझेल इंजिन आठ दिवस बंद, आज पुन्हा चालू होणार म्हणून बाया दळण घेऊन बसलेल्या. इंजिनासमोर एक मुलगी बसली होती, कोपरापर्यंत काळी. आश्रमशाळेतून बारावी झालेली रंजना पावरा. सरांनी काही विचारायच्या आत तिनं नोझल साफ करून बसवला, हँडल मारलं, आणि इंजिन धडधडलं. बाया हसल्या. सर जागच्या जागी थांबले. त्यांना विचारायला प्रश्नच उरला नव्हता.

तिचे वडील जामसिंगदादा. उंच, काटक, बोलणं कमी. सरांनी त्यांना सांगितलं, मुलीला इंजिनिअरिंगला पाठवा. जामसिंगदादांनी सगळं ऐकून घेतलं. आमच्या मराठीला त्यांनी त्यांच्या मराठीत उत्तर दिलं. डोंगरात 'तुम्ही' नसतं, सगळेच 'तू'.

"शिकेल. मग नोकरी लागेल?"

"शंभर टक्के लागेल!" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तू नको. हा सांगेल." बोट सरांकडे. "आणि मला नको सांगू. आमच्याकडे कागद नाही, गाव आहे. गावापुढे सांग."

इंजिन बंद करवलं. बाया, म्हातारे, सगळे गोल उभे. सरांनी खिशातली पोलादी पट्टी काढली, परत ठेवली. मग ते म्हणाले, "लागेल. नाही लागली तर मी इथे येऊन तसं सांगेन."

उतरताना मी त्यांची चेष्टा केली. "काय सर, तुम्हीसुद्धा गॅरंटी द्यायला लागलात!"

"हिला लागली नाही, तर मग कुणाला लागायची, सर?"

चार वर्षं रंजनानं वर्कशॉप सोडलं नाही. गुण बेताचे, इंग्रजीच्या पेपरात दोनदा अडकली. पण रविवारी वर्कशॉप उघडं दिसलं की समजावं, आत सर आणि ती दोघं कुठलं तरी जुनं यंत्र उघडून बसलेत. सर तिला मुळीच शिकवत नसत. नुसते विचारत, "आता काय वाटतं?" ती सांगे. चुकलं की म्हणत, "बघ मग." शेवटच्या वर्षी सरांनी स्वतः ओळख काढून गुजरातेतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात तिची मुलाखत ठरवली, आणि स्वतः बसनं घेऊन गेले. मुलाखतीत तिला गळका व्हॉल्व्ह दिला. तिनं तो खोलला, गळती कुठे ते दाखवलं. तिथले साहेब म्हणाले, आम्ही फोन करू.

फोन करू, पण कुणाला? तिच्या गावात रेंज नाही. डोंगरातल्या सगळ्याच मुलांची ही अडचण. त्यावर युक्ती मीच काढली होती: बायोडाट्यावर माझा नंबर टाका, निरोप मी पोचवतो. मला त्या युक्तीचा फार अभिमान होता. मीटिंगमध्ये टाळ्याही मिळाल्या होत्या.

फोन आला. मी तेव्हा खापर या गावी होतो, ॲडमिशनच्या फेरीवर. बाजारातल्या गर्दीत एका कानात बोट घालून मी ऐकलं: रंजना पावरा, निवड झाली, सोमवारी सकाळी नऊला, गेट नंबर दोन, मूळ कागदपत्रं. लिहायला जवळ काही नव्हतं. मी माहितीपत्रकाच्या पाठीमागे लिहून घेतलं. खूप आनंद झाला. लगेच ऑफिसला फोन करून सांगितलं, यंदाच्या प्लेसमेंटमध्ये एक आकडा वाढवा, नाव रंजना पावरा. आकडा कळवायला मी विसरलो नाही, हे इथे मुद्दाम लिहितो.

त्यानंतरचं घर एका दुकानदाराचं. त्यानं तोच प्रश्न टाकला, "सर, नोकऱ्या खरंच लागतात का तुमच्याकडे?" मी ते माहितीपत्रक त्याच्या हातावर मारलं. "हे बघा! शाई अजून ओली आहे. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी फोन आला. डोंगरातली मुलगी आहे." त्यानं पुढून-मागून वाचलं, बायकोला दाखवलं, देवाच्या फोटोपाशी ठेवलं. त्याच्या मुलाची ॲडमिशन झाली. माझं त्या वर्षीचं टार्गेट पुरं झालं ते त्याच ॲडमिशननं.

पत्रक तिथेच राहिलं. आणि माझ्या डोक्यातून सोमवार निघून गेला.

मंगळवार की बुधवार असेल, स्टाफरूममध्ये सरांनी विचारलं, "सर, रंजनाचा काही फोन?"

त्या क्षणी मला सगळं आठवलं. आणि तोंडानं, त्याला कुणी न सांगता, उत्तर दिलं, "नाही हो अजून."

मी बाहेर येऊन कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, लडकी आयी नहीं, दुसरे को ले लिया. मी गयावया केली, लग्नातल्या टायला शोभेल अशा इंग्रजीत केली. उपयोग झाला नाही. सरांना मी चार दिवसांनी सांगितलं, "घेतलं नाही वाटतं त्यांनी." तेही त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, संपलं.

दोन आठवड्यांनी ते रंजनाला घेऊन पुन्हा त्या कारखान्याच्या गेटवर गेले. का नाही घेतलं, काय कमी पडलं, ते विचारायला. कमी पडलेलं तिला शिकवावं म्हणून. तिथे काय ऐकायला मिळालं असेल ते मला कळलं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"सर, तुमचा फोन चालू आहे ना?"

"आहे."

"बरं," ते म्हणाले आणि तासाला गेले.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी तीन दिवस त्यांच्या समोरून जायचं टाळलं. चौथ्या दिवशी जिन्यात गाठ पडली तेव्हा मी म्हणालो, "सर, चूक झाली." ते म्हणाले, "हो." आणि मला वाट देण्यासाठी भिंतीला लागून उभे राहिले.

त्यांनी तिच्यासाठी आणखी तीन ठिकाणी खटपट केली. एका ठिकाणी म्हणाले, मुलगी नको, पाळी रात्रीची आहे. एका ठिकाणी इंग्रजीवर अडलं. एका ठिकाणी साहेबांनी बायोडाटा वाचूनच विचारलं, हे गाव कुठे आलं?

आणि मग जुलै उजाडला आणि सचिवांनी फ्लेक्स छापले. शहादा स्टँडच्या समोर, चहाच्या टपरीला लागून, भला मोठा. 'आमचे यशस्वी अभियंते.' ऑफिसनं माझ्याच यादीतली नावं आणि फोटो उचलले होते. दुसऱ्या ओळीत तिसरी, रंजना पावरा. खाली कंपनीचं नाव आणि पद. मी पाहिलं. काढायला सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मी सांगितलं नाही. दहा-पंधरा दिवसांत कोण बघतंय, असा विचार केला. माझ्या आयुष्यातले बरेचसे निर्णय याच विचारानं झालेले आहेत.

तो फ्लेक्स ज्यानं बघायला नको होता त्यानंच बघितला. एके सकाळी वर्कशॉपच्या दारात जामसिंगदादा उभे होते. खांद्यावर पिशवी. मी तिथे कुठल्या तरी सहीसाठी गेलो होतो, तो तसाच थांबलो. सर लेथपाशी होते. त्यांनी लगेच हात पुसले, स्टूल पुढे केलं. जामसिंगदादा बसले नाहीत.

"आमचूर आणलं तुला," म्हणाले आणि पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाले, "स्टँडवर फोटो पाहिला. सगळ्या गावानं पाहिला. लोक म्हणतात, पोरगी कमावते आणि बापाला सांगत नाही. पोरगी म्हणते, नोकरी नाही. घरी आहे. चक्की चालवते. बारावीला चालवत होती, तीच." थोडं थांबले. "मी तिला मारलं काल. खोटं बोलते म्हणून. आता तू सांग. ती खोटं बोलते का फोटो?"

लेथ चालूच होतं. सरांनी हात मागे नेऊन ते बंद केलं. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

"पोरगी खरं बोलते, दादा. फोटो खोटा आहे."

"तू लावला?"

"माझ्या कॉलेजनं लावला."

जामसिंगदादांनी मान हलवली. सरांनी टूलबॉक्समधून एक ब्लेड घेतलं, खुंटीवरचा शर्ट चढवला. आधीच लिहून ठेवलेला असावा, असा एक घडीचा कागद खणातून काढून माझ्या हातात दिला. "ऑफिसात द्या, सर." राजीनामा होता. आमचूरची पिशवी त्यांनी परत दादांच्या हातात द्यायला पाहिली, तर दादा म्हणाले, "आणलंय तर ठेव." ते शब्द रागानं आले असते तर मला सोसले असते.

दोघं पायीच स्टँडकडे निघाले. मी मागे. कुणी मला ये म्हटलं नव्हतं, जा म्हटलं नव्हतं.

फ्लेक्स उंच होता. सरांनी टपरीवाल्याचं स्टूल मागितलं, वर चढले. स्टूलाचा एक पाय आखूड.

"धरा हो, सर. हालतंय."

मी धरलं. त्या सगळ्या प्रकरणात मी केलेलं उपयोगी काम ते एवढंच. त्यांनी ब्लेड चालवलं, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, सावकाश. चेहऱ्याला कुठे ओरखडा येऊ दिला नाही. फोटो सुटून आला तेव्हा त्या चौकोनातून मागच्या भिंतीवरची जुनी, अर्धवट फाटलेली जाहिरात दिसायला लागली. स्टँडवरची माणसं जमली होती. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं. सरांनी फोटोची गुंडाळी केली, जामसिंगदादांना दिली आणि उतरले.

"सर, मी येतो तुमच्यासोबत," मी म्हणालो. "मी सांगतो तिथे, चूक माझी होती."

"तुम्ही कशाला?" ते म्हणाले. "तुम्हाला त्यांनी कुठे विचारलं होतं?"

धडगावची बस लागलेली होती. दोघं चढले. सर खिडकीशी, दादा त्यांच्या शेजारी, गुंडाळी मांडीवर. गावातल्या सगळ्यांसमोर उभं राहून शब्द मागे घ्यायचा, मग पोरीसमोर, आणि मग पुढे काय, हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं. सर बसमध्ये बसलेले मला विचित्र वाटले. हातात काही नव्हतं. हात नुसते गुडघ्यांवर.

मी फ्लेक्सखाली उभा होतो, स्टूल धरून. टपरीवाला माझ्याजवळ आला. कॉलेजचा माणूस म्हणून तो मला ओळखत होता. वरच्या भोकाकडे बघत त्यानं विचारलं,

"सर, ती पोरना फोटो काबर काढी लिधा हो?"

आणि मी, काही विचार करण्याआधी, चौदा वर्षांच्या सवयीनं, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो,

"तिला याहून मोठ्या कंपनीत नोकरी लागली."

बस अजून हलली नव्हती. खिडकी हाताच्या अंतरावर होती. रतिलालसरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावलेले नव्हते. करकरणाऱ्या दाराकडे, आता याला तेल घालून उपयोग नाही हे कळल्यावर माणूस बघेल, तसे बघत होते. मग त्यांनी हात वर केला. मला वाटलं, निरोपाला. त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली.